पाय दुखतो म्हणजे नेमकं काय दुखतं? कुल्ल्यापासून टाचेपर्यंत स्नायू ओळखण्याची आणि सांभाळण्याची रीत

चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेला माणूस, दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई आणि पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर पळणारा मुलगा, तिघंही संध्याकाळी एकच सांगतात: पाय दुखतात. तिघांच्याही घरी उपाय एकच होतो. तेल कोमट करायचं आणि पोटऱ्या रगडायच्या. पण गड उतरून आलेल्या माणसाच्या मांडीचा पुढचा भाग दमलेला असतो. वेचणीवालीच्या मांडीची मागची बाजू ताणून ताणून थकलेली असते. भरतीवाल्या मुलाची नडगीची आतली कड हुळहुळी झालेली असते. पोटरी रगडल्यावर तिघांनाही घटकाभर बरं वाटतं, कारण ऊबदार हात कुठेही फिरला तरी बरंच वाटतं. दुसऱ्या दिवशी दुखणं जागच्या जागी.

म्हणून आधी स्नायू ओळखायचा, त्याने दिवसभर कोणतं काम केलं ते विचारायचं, आणि मगच तेलाची वाटी हातात घ्यायची.

आधी हाडं बोटांना लागू द्या

स्नायू मऊ असतात, हालचालीबरोबर आकार बदलतात. हाडं जागा सोडत नाहीत, म्हणून खुणा हाडांवर धरायच्या. सतरंजीवर बसा, पायजमा गुडघ्यावर घ्या आणि बोटांच्या पेरांनी पुढच्या जागा शोधा.

कमरेवर हात ठेवला की तळहाताखाली जी कड लागते, ती कटीच्या हाडाची वरची कड. तिथून खाली, पँटच्या खिशाच्या रेषेत, मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक टणक उंचवटा लागतो. तो खुब्याचा उंचवटा. उभं राहून पाऊल आत-बाहेर फिरवलं की तो बोटाखाली फिरताना कळतो. पाटावर बसून तळहात ढुंगणाखाली सरकवला तर दोन टोकदार हाडं हाताला रुततात, ती बसण्याची हाडं. गुडघ्याची वाटी सगळ्यांना माहीत असते. तिच्याखाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा उंचवटा असतो, त्याच पातळीच्या जरा वर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोराएवढी एक गाठ लागते. ही गाठ नीट लक्षात ठेवा, तिच्याविषयी पुढे महत्त्वाचं सांगायचं आहे. शेवटी दोन्ही घोटे आणि टाच.

एवढ्या खुणा सापडल्या की पायाचा नकाशा अर्धा झाला. बहुतेक मोठे स्नायू या खुणांच्या आधाराने शोधता येतात.

तीन कामं, आणि दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. ओढण्याच्या मात्र तीन तऱ्हा आहेत, आणि विहिरीवरच्या दोरावरून त्या चटकन समजतात. बादली वर ओढताना स्नायू आखडत जोर लावतो. बादली मधेच धरून ठेवली तर लांबी तीच राहते, जोर चालू असतो. बादली हळूहळू खाली सोडताना स्नायू लांबत जातो आणि तरीही वजन तोलत असतो. या तिसऱ्या कामात स्नायूच्या धाग्यांना सर्वांत जास्त बारीक इजा होते. चढण चढताना धाप लागते, पण दोन दिवसांनी रग येते ती उतरणीची. ही रग २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते आणि पाच-सात दिवसांत आपोआप निवते. तिला औषध लागत नाही. हलकं चालणं हाच तिचा उत्तम उपाय.

दुसरी गोष्ट सांध्यांची. काही स्नायू एकाच सांध्यावरून जातात, काही दोनांवरून. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा या दोन्हींवरून जातो, पोटरीचा वरचा थर गुडघा आणि घोटा या दोन्हींवरून, आणि मांडीच्या पुढचा मधला पट्टाही दोन सांधे ओलांडतो. दोन्हीकडून एकदम ताण आला की हेच स्नायू फाटतात. धावपटूला मैदानावर ‘चमक’ भरते ती बहुधा यांच्यातच.

मांडीची पुढची बाजू

इथे चार स्नायू मिळून क्वाड्रिसेप्स होतो. जमिनीवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. वाटीच्या वर आतल्या बाजूला पाण्याच्या थेंबासारखा फुगवटा उठतो, तो व्हास्टस मिडियालिस. बाहेरच्या बाजूचा लांबट, भरदार तो व्हास्टस लॅटरालिस. मधोमध वरपासून खाली उतरणारा रेक्टस फिमोरिस. चौथा त्याच्या खाली हाडाला चिकटून असतो, तो हाताला लागत नाही. चौघांचा मिळून एक कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) होतो, तो वाटीला धरतो आणि वाटीखालून त्या नडगीच्या उंचवट्यावर येऊन रुजतो.

गुडघा सरळ करणं हे त्याचं काम. रोजच्या जगण्यात मात्र तो जास्त राबतो ते गुडघा हळूहळू वाकू देताना: पायऱ्या उतरताना, उकिडवं बसताना, दिवाळीतल्या अस्तंबा यात्रेचा डोंगर उतरताना. उतरताना गुडघे थरथरतात तेव्हा हा दमलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे पावलं लहान टाकायची, टाच आपटायची नाही, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि उतार मोठा असेल तर नागमोडी उतरायचं. काठी हातात असेल तर ती पावलाच्या आधी खाली टेकवायची.

वाटीच्या भोवती, पायऱ्या उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना दुखत असेल, तर वाटी चोळण्यात अर्थ नाही. मांडी आणि कुल्ला यांना बळ द्यावं लागतं. खुर्चीच्या काठावर बसून, हात न लावता, तीन मोजत उठा आणि तीन मोजत बसा. १० वेळा, असे ३ फेरे, एक दिवसाआड. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत झुकत असेल तर आरशासमोर करा.

बैठकांविषयी एक कळकळीची सूचना. तालमीत किंवा भरतीच्या तयारीत सवय नसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ३००-५०० बैठका मारायला लावणं धोक्याचं आहे. स्नायूंचे धागे मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या दगडासारख्या घट्ट, प्रचंड दुखणं आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची, अशी लक्षणं दिसली तर मालिश न करता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सुरुवात २० बैठकांपासून करा, दर दोन-तीन दिवसांनी ५ ते १० वाढवा. जुने वस्तादही पोराला अंगातली ताकद बघूनच बैठका वाढवून देत.

मांडीची मागची बाजू

पालथं झोपा, गुडघा काटकोनात वाकवा आणि दुसऱ्याला टाच धरून हलका विरोध करायला सांगा. गुडघ्याच्या मागच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे कंडरे उठतात. बाहेरचा बायसेप्स फिमोरिसचा, तो त्या बोराएवढ्या गाठीवर संपतो. आतल्या बाजूचे दोन सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस यांचे. हे तिघं मिळून हॅमस्ट्रिंग. वर हे जवळजवळ सगळे बसण्याच्या हाडाला बांधलेले आहेत.

ही जोडणी समजली की कापूस वेचणीचं दुखणं समजतं. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकलं की बसण्याचं हाड वर सरकतं आणि हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांनी ताणला जातो. सहा-सात तास असाच. शिवाय कमरेला बांधलेल्या झोळीत कापूस भरत जातो तसं वजन वाढत जातं. संध्याकाळी मांडी मागे ताठरलेली वाटते, म्हणून लोक आणखी ताण देतात, पायाला हात लावायला वाकतात. हे उलटं काम झालं. दिवसभर ताणलेल्या स्नायूला आणखी ताणून आराम पडत नाही. त्याला आखडण्याचं काम द्या. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर टेकवा, टाचांवर जोर देऊन ढुंगण वर उचला, ५ सेकंद धरा, सावकाश खाली आणा. या व्यायामाला पूल म्हणू. १२ वेळा, ३ फेरे. वेचताना गुडघे किंचित वाकवून, एक पाय पुढे ठेवून वाकावं, पाय बदलत राहावेत आणि अर्ध्या तासाने एकदा सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकावं. झोळी भरेपर्यंत थांबण्यापेक्षा अर्धी झाल्यावर रिकामी करणं कमरेला आणि मांडीला दोन्हींना परवडतं.

मांडीच्या मागचं सगळं दुखणं स्नायूचंच असतं असं नाही. खुर्चीवर पाठ पोक काढून बसा, दुखणारा गुडघा सरळ करा आणि पाऊल स्वतःकडे ओढा. ओढ बसली की फक्त मान वर-खाली करा. मान खाली घातल्यावर मांडीतली कळ वाढते आणि वर केल्यावर कमी होते, असं झालं तर ती ओढ सायटिक नसेची आहे. स्नायू मानेपर्यंत जात नाही, नस मात्र कण्यातून पुढे मेंदूपर्यंत जोडलेली असते. अशा वेळी रगडणं आणि जोरात ताणणं दोन्ही बंद. पायाला मुंग्या, बधिरपणा, पंजा उचलता न येणं यांपैकी काही असेल तर डॉक्टर. दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं म्हणजे तर तासाचाही उशीर नको.

पळताना मांडीत मागे एकदम चाबूक बसल्यासारखं झालं तर धागे फाटले आहेत. पहिले दोन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मालिश, शेक, ताण, तिन्ही वर्ज्य. तिथे आतून रक्त साकळलेलं असतं, रगडलं की ते आणखी पसरतं. तिसऱ्या दिवसापासून पाठीवर झोपून, गुडघा वाकवून, टाच जमिनीत हलकेच रुतवायची, १० सेकंद, १० वेळा. दुखणं वाढलं नाही तर दोन पायांचा पूल, मग एका पायाचा. भराभर चालताना काहीच दुखत नाही, आणि पाठीवर झोपून दोन्ही पाय सरळ ठेवून उचलले तर सारखेच वर जातात, तेव्हा हळू पळायला हरकत नाही. १०० मीटरची वेगाची धाव सर्वांत शेवटी. भरतीच्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख जवळ आली म्हणून दहाव्या दिवशी पूर्ण वेगात पळणारी मुलं त्याच जागी पुन्हा फाडून घेतात, आणि मग दीड-दोन महिने जातात.

कुल्ला: चालण्याचा खरा आधार

ग्लुटियस मॅक्सिमस हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू. चढण, पायऱ्या, डोक्यावर केळीचा घड घेऊन उठणं, यांत मांडी मागे रेटण्याचं काम त्याचं. रावेर-यावलकडे केळीच्या कापणीला जाणाऱ्यांनी २०-२५ किलोचा घड उचलताना गुडघे आणि खुबा दोन्ही वाकवून, टाचांवर जोर देऊन उठलं की हा कामाला लागतो. नुसती कमर वाकवून उठलं तर भार पाठीवर जातो.

त्याच्याहून लहान, पण जास्त दुर्लक्षित तो ग्लुटियस मिडियस. कमरेची कड आणि खुब्याचा उंचवटा यांच्या मधे चार बोटं ठेवा आणि दुसरा पाय उचला. बोटांखाली जो टणक होतो तो हाच. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावर असतो आणि तेवढा वेळ कंबर समपातळीत धरणं याचं काम. परीक्षा सोपी आहे: आरशासमोर एका पायावर ३० सेकंद उभे राहा. उचललेल्या बाजूची कंबर खाली लोंबली, किंवा तोल राखायला अंग एका बाजूला झुकलं, तर हा कमजोर आहे. गुडघ्याच्या, कमरेच्या आणि मांडीच्या बाहेरच्या कडेच्या बऱ्याच तक्रारी इथून सुरू होतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, टाच किंचित मागे ठेवून फूटभर उचला, २ सेकंद धरा. १२ वेळा, ३ फेरे. पाय पुढे आला तर काम दुसराच स्नायू करतो आणि मेहनत वाया जाते.

मांडीच्या बाहेरच्या कडेला जो लांब, टणक पट्टा लागतो तो स्नायू नाही, जाड पापुद्रा आहे. त्यावर कोपर घालून रगडल्याने तो लांब होत नाही, फक्त निळं-काळं होतं. वर कुल्ल्यावर हात चालवा.

आतल्या मांडीचे स्नायू दोन्ही पाय जवळ आणतात. गुडघ्यांमधे उशी धरून ५ सेकंद दाबा, १० वेळा. एवढ्याने त्यांचं भागतं. जांघेजवळ मात्र बोटं खोल घालू नका, तिथून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते, ठोका हाताला लागतो.

पोटरी: दोन थर, दोन स्वभाव

चवड्यावर उभं राहिलं की पोटरीवर दोन गोळे उठतात, आतला बाहेरच्यापेक्षा थोडा खाली उतरलेला. हा वरचा थर, गॅस्ट्रोक्निमियस. त्याची वरची दोन्ही टोकं मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या वर बांधलेली. त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस, तो गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो. दोघं मिळून टाचेचा जाड कंडरा बनतो. पहिला उडी आणि वेग यांचा, दुसरा तासन् तास उभं राहण्याचा आणि चालण्याचा. मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाणाऱ्या वारकऱ्याचा सोलियस हा खरा वाटाड्या. शिवाय प्रत्येक पावलाला तो पिळला जातो आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतो. म्हणून दुकानात दिवसभर एका जागी उभं राहणाऱ्याचे पाय भरून येतात, तेवढाच वेळ चालणाऱ्याचे कमी. उभ्याच्या कामात दर १५ मिनिटांनी २० वेळा टाचा उचला.

वरचा थर गुडघ्यावरून जातो, सोलियस जात नाही, ही भानगड ताण देताना उपयोगी पडते. भिंतीला हात लावून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद: वरचा थर ताणला जातो. त्याच जागी मागचा गुडघा वाकवा, टाच तशीच: आता ताण खाली, टाचेच्या वर उतरतो, तो सोलियस. बहुतेक जण पहिलाच प्रकार करून थांबतात आणि पोटरी तरीही घट्ट का, म्हणून विचारतात. दोन्ही तीन-तीन वेळा.

बळ तपासायचं तर भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. तरुण, धडधाकट माणसाला २० ते २५ वेळा जमायला हवं. एका पायाला २२ आणि दुसऱ्याला १२ असा फरक निघाला तर कमी पायावर जास्त मेहनत घ्या.

टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर सकाळी पहिली पावलं टाकताना कंडरा दुखतो, चिमटीत धरला की जाड लागतो. हे दुखणं नुसत्या विश्रांतीने परत परत येतं. पायरीच्या काठावर चवडे ठेवा, दोन्ही पायांवर वर या, दुखऱ्या एकाच पायावर ३ मोजत टाच पायरीच्या खाली उतरवा. १५ वेळा, ३ फेरे, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर फेरे कमी करा. गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे करा.

रात्री पोटरीत गोळा आला तर ठोसे मारू नका. बसून गुडघा सरळ करा, चवडा हाताने किंवा पंच्याने स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरा, गोळा सुटतो. झोपण्याआधी वरचे दोन्ही ताण घेतले तर बऱ्याच जणांचे गोळे कमी होतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा शेतात घाम गाळणाऱ्याने नुसतं पाणी ढोसू नये, मीठही जातं. एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावं. रक्तदाबाचे, मूत्रपिंडाचे आणि मधुमेहाचे रुग्ण असतील तर डॉक्टरांना विचारून.

पोटरीचं आणखी एक दुखणं आहे, त्याला मालिश करणाऱ्यांनी नक्की ओळखायला हवं. ठरावीक अंतर चाललं, समजा ३०० मीटर, की पोटरी आवळून येते, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत थांबते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा. हा थकवा नाही, रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. बिडी-तंबाखू आणि मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त. उभं राहून दुखणं थांबत नसेल, खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच थांबत असेल तर संशय कण्याकडे जातो. दोन्हींत तपासणी हवी.

नडगी आणि ती बोराएवढी गाठ

नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवून पंजा वर उचला. जो उठतो तो टिबियालिस अँटिरियर. चालताना पाऊल जमिनीवर थपकन आपटू न देणं याचं काम. त्याच्या बाहेरून, गाठीपासून बाहेरच्या घोट्याच्या मागे जाणारे पेरोनियस. घोटा मुरगळू नये म्हणून हे झटकन ओढतात. आतल्या बाजूला, पोटरीत खोल, टिबियालिस पोस्टिरियर, तळव्याची कमान हाच उचलून धरतो.

भरतीच्या मुलांची नडगी दुखते ती बहुतेक आतल्या कडेला, खालच्या दोन-तृतीयांश भागात. बोटाने कड दाबत गेलं तर चार-पाच बोटं लांब पट्टा दुखतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: अंतर एकदम वाढवणं, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी. दोन आठवडे पळणं निम्मं करा, मातीवर पळा, टाचा उचलण्याचा व्यायाम चालू ठेवा, मग आठवड्याला साधारण दहाव्या हिश्श्याने वाढवा. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला तडा गेल्याचा संशय घ्यायचा. पळणं पूर्ण बंद, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ एवढ्यावर पुन्हा पळू नये.

आता ती गाठ. तिच्या अगदी खाली, हाडाला वळसा घालून एक नस जाते, पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंची. तिच्यावर कातडीशिवाय फारसं आवरण नाही. निंदणी-खुरपणीला तासन् तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते. आधी नडगीच्या बाहेर मुंग्या येतात, पुढे पाऊल उचलेनासं होतं आणि माणूस पाय फेकत चालू लागतो. त्याला अनेकदा ‘वारं गेलं’ समजून मालिश सुरू होते. पाऊल लुळं पडलं की डॉक्टरांकडेच जावं. टाळायचं असेल तर १५-२० मिनिटांनी उठावं, एक गुडघा टेकून बसावं किंवा बुडाखाली वीतभर उंचीचं लाकूड घ्यावं. आणि मालिश करताना या गाठीवर अंगठा कधीच दाबू नये.

मालिश कशी करायची

एका पायाला दोन चहाचे चमचे तीळतेल किंवा खोबरेल पुरतं. जास्त तेलाने हात घसरतो आणि दाब आत पोहोचत नाही. तेल तळहातावर चोळून कोमट करा, थेट पायावर ओतू नका. गुडघ्याखाली उशी द्या, म्हणजे स्नायू सैल पडतो. ताठ पायावर केलेली मालिश निम्मी वाया जाते.

हात घोट्याकडून मांडीकडे जाताना दाब द्यायचा, परत येताना नुसतं सरकायचं. आधी दोन मिनिटं सपाट तळव्याने लांब फिरवणं. मग पोटरी आणि मांडी कणकेसारखी दोन्ही हातांनी धरून, उचलून मळणं, चार-पाच मिनिटं. त्यात एखादी जागा गाठीसारखी लागली तर अंगठ्याने ३० ते ६० सेकंद स्थिर दाब. दाब किती? भरताचं वांगं नीट भाजलं का, हे बोटाने चाचपतो तितक्यापासून सुरुवात करावी आणि समोरच्याला विचारत वाढवावा. दुखण्याला १० पैकी आकडा द्यायला सांगा, ५ च्या पुढे जाऊ नका. श्वास अडकला, पायाची बोटं आवळली, की दाब जास्त झाला. शेवटी पुन्हा लांब, हलके हात. एका पायाला १० ते १२ मिनिटं भरपूर झाली.

गुडघ्याच्या मागची खोबण, जांघ, ती बोराएवढी गाठ आणि नडगीचं हाड, या चार जागा सोडायच्या. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर गरम शेक अजिबात नको, भाजलेलं कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला हलकाच हात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरनंतर, बाळंतपणानंतर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर हात लावू नका. खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जातो. नडगीच्या उंचवट्याखाली १० सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला आणि ३ सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला तर संशय पक्का धरा. टेप नसेल तर मोजत बसू नका, तपासणीला न्या. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा.

गडावर जायचं असेल तर

तयारी सहा आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात रोज ३ किलोमीटर, आठवड्यातून एकदा लांब पल्ला ६ किलोमीटरचा, तो दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरने वाढवत न्या. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून ऊठ-बस, पूल, कुशीवरचा पाय उचलणं आणि टाचा उचलणं, प्रत्येकी तीन फेरे. जिन्यावरून उतरण्याचा सराव वेगळा करा, चढण्याचा आपोआप होतो. नवे बूट किंवा चपला किमान तीन आठवडे आधीपासून घाला. उन्हाळ्यात चालणं पहाटे साडेचार ते आठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच आडवं न होता दहा मिनिटं सावकाश चालायचं, मग पाय भिंतीला टेकवून वर करून झोपायचं, आणि मालिश त्यानंतर, मांडीच्या पुढच्या बाजूपासून.